कळा आणायच्या, तर शेजारी कोण बसणार?

पावसाळा लागला की कुंपणांवर एक वेल चढते. फुलं ज्वाळेसारखी लाल-पिवळी, पाकळ्या मागे वळलेल्या, पानांची टोकं आकड्यासारखी. तिचं मराठी नाव कळलावी. कळा लावणारी म्हणून कळलावी. जुन्या वैद्यकात बाळंतिणीच्या तळहाता-तळपायांना तिच्या मुळीचा लेप सांगितलेला आहे. तो कंद इतका जहाल, की चुकून पोटात गेला तर माणूस दगावतो, कारण त्यात कोल्चिसीन असतं. आपल्याच भाषेतलं हे नाव मला फार बोलकं वाटतं. कळा आपोआप येत नसतील तर त्या आणाव्यात, ही कल्पना दवाखान्यांच्या कितीतरी आधीची. दिवस वर गेलेल्या लेकीला गरम दुधातून एरंडेल देणाऱ्या आज्या तर आजही भेटतील. एरंडेलावर चाचण्याही झाल्या. कळा येतात की नाही याचा ठाम निकाल त्यांतून निघाला नाही, मळमळ मात्र हमखास.

आता कळलावीची जागा सलाईनने, गोळीने आणि जेलने घेतली आहे. अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावात या विषयाबद्दल बोलणं होतं ते बहुतेक वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने सीमेपलीकडे कर्नाटकात आळंद, अफझलपूर, इंडीकडे दिलेल्या मुली इथे येतात आणि इथल्या मुली दिवस भरता भरता तिकडून परततात. कुणी मराठीत ‘कळांचं इंजेक्शन दिलं’ म्हणतं, कुणी कानडीत ‘हेरिगे नोवु’ आली का विचारतं. बाकड्यावरचं मत ठरलेलं असतं: इंजेक्शन दिलं की सिझर होतंच. डॉक्टरांचं मतही ठरलेलं असतं: थांबून जोखीम कोण घेणार? दोन्ही मतांत थोडं खरं आहे आणि दोन्ही अपुरी आहेत.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळची गोष्ट सांगते. तारीख उलटून दोन दिवस झाले होते. खासगी दवाखान्यात दाखल केलं आणि हाताला सलाईन लागलं. आईने विचारलं, कसलं आहे? उत्तर आलं, ताकदीचं. ते ऑक्सिटोसिन होतं हे आम्हाला घरी आल्यावर फाईल वाचून कळलं. संध्याकाळी ‘पिशवीचं तोंड उघडलं नाही’ म्हणून सिझर झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही. सिझर चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. ‘ताकदीचं’ हा शब्द मात्र गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि हा विषय मी वाचायला घेतला तो त्या शब्दामुळे.

कळा का आणतात हे थोडक्यात सांगता येतं. रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिनं जायला लागली, झटक्यांची भीती उभी राहिली, तर बाळंतपण हाच त्यावरचा इलाज. पाणी गेलं आणि कळा आल्या नाहीत तर जंतुसंसर्गाचा धोका. मधुमेह, बाळाची वाढ खुंटणं, बाळ पोटातच जाणं ही आणखी कारणं. आणि सगळ्यांत नेहमीचं म्हणजे दिवस उलटणं. नाळेचं काम एका मर्यादेनंतर मंदावतं. 41 आठवड्यांनंतर पोटात बाळ दगावण्याचा धोका लहान असतो, पण वाढत जातो. स्वीडनमध्ये 2,760 बायकांवर स्वेपिस नावाची चाचणी सुरू होती. एका गटात 41 आठवडे भरताच कळा आणायच्या, दुसऱ्यात 42 पर्यंत वाट पाहायची. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. कॉक्रेनच्या 2020 च्या आढाव्यात अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मुदतीला किंवा त्यानंतर कळा आणलेल्यांत चार आणि वाट पाहणाऱ्यांत पंचवीस बाळं दगावलेली दिसली. हिशेब असा निघाला, की साधारण 544 जणींना कळा आणल्या तर एक बाळ वाचतं. हा आकडा मोठा की लहान, हे ज्या घरातलं बाळ आहे त्याने ठरवायचं. पण ठरवायला तो त्यांना सांगितलेला तरी हवा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही 41 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याचाच आहे.

आता ‘इंजेक्शन दिलं की सिझर’ या समजाकडे येते. तो नुसता बाकड्यावरचा नव्हता. कित्येक वर्षं डॉक्टरांच्या पुस्तकांतही तो होता, आणि त्यामागे तुलनेची एक चूक होती. आज कळा आणलेल्या बाईची तुलना आज आपोआप कळा सुटलेल्या बाईशी केली जायची. पण आज आपोआप कळा सुटणं हे कुणाच्या हातात नसतं. हातात दोनच गोष्टी असतात: आज कळा आणणं किंवा अजून वाट पाहणं. वाट पाहताना एखादीला सुखाने कळा येतील, एखादीचा रक्तदाब चढेल, एखादीचं बाळ आणखी मोठं होईल. तुलना या दोन वाटांची केली की चित्र उलटतं. अमेरिकेतल्या अराइव्ह या चाचणीत पहिलटकरीण असलेल्या, कुठलीही गुंतागुंत नसलेल्या 6,106 बायका होत्या. 39 व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझेरियनचं प्रमाण 18.6 टक्के, वाट पाहणाऱ्यांत 22.2 टक्के. ती 2018 मध्ये छापून आली तेव्हापासून अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलींना 39 व्या आठवड्यात डॉक्टर हा पर्याय सांगतात, आणि इकडे आई फोनवर घाबरते, ‘अगं, दिवस तरी भरू देत!’

त्या आईचं घाबरणं अगदीच चुकीचं नाही. अराइव्हमधल्या बायकांच्या तारखा पक्क्या होत्या, आणि कळा सुरू झाल्यावर धीर कसा धरायचा याचे दंडक तिथल्या डॉक्टरांना घालून दिलेले होते. पाणमोट फुटल्यावर ऑक्सिटोसिन चालू ठेवून किमान 12 ते 18 तास गेल्याशिवाय ‘कळांचा उपयोग झाला नाही’ असा शिक्का मारू नये, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही सांगते. आपल्याकडे सकाळी सलाईन आणि संध्याकाळी ऑपरेशन, हे वेळापत्रक कुणाच्या सोयीचं असतं? इंजेक्शनाने सिझर होत नाही. तोंड मऊ न होता घाईने दिलेल्या इंजेक्शनाने आणि लवकर सुटलेल्या धीराने होतं. बाकड्यावरच्या बायकांनी पाहिलेलं खोटं नव्हतं, त्यांनी दोष फक्त औषधाला दिला. महाराष्ट्रात सिझेरियनचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 20.1 टक्के होतं, पाचव्या फेरीत (2019–21) ते 25.4 टक्के झालं. त्या पत्रकात सिझरची मोजदाद आहे. कळा किती जणींना आणल्या याचा रकाना नाही.

तोंड मऊ होणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं, कारण सगळं त्यावर आहे. गर्भपिशवीचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं. दिवस भरत आले की ते मऊ, पातळ व्हायला लागतं, पुढे सरकतं, बोटभर उघडतं. एडवर्ड बिशप या अमेरिकी डॉक्टरांनी 1964 मध्ये याला गुण देण्याची पद्धत काढली. आजही तपासणीनंतर ‘बिशप किती?’ असंच विचारतात. गुण कमी असताना नुसतं ऑक्सिटोसिन लावणं म्हणजे कडी न काढता दार ढकलणं. आधी कडी काढायची. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचं जेल आहे, ते महाग आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं. मिसोप्रोस्टॉलची गोळी आहे, ती स्वस्त. आणि फोली आहे, म्हणजे लघवीची तीच रबरी नळी. तिचा फुगा तोंडाच्या आत नेऊन पाण्याने फुगवतात आणि त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडतं. तपासताना बोटाने आतला पडदा मोकळा करणं हीसुद्धा कळा लवकर याव्यात म्हणून केलेली कृतीच आहे. न सांगता ती केली तर बाईला एवढंच कळतं, की आजची तपासणी नेहमीपेक्षा दुखली.

गोळी की फुगा, हा प्रश्न श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांवरून आपल्यासाठी सुटणार नव्हता. तो सुटला नागपुरात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय, दोन्ही सरकारी, दोन्ही गर्दीची. डॉ. शुचिता मुंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर 2013 ते जून 2015 या काळात रक्तदाब वाढलेल्या 602 बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. 302 जणींना मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने, जास्तीत जास्त बारा वेळा. 300 जणींना फोलीचा फुगा. चोवीस तासांच्या आत नैसर्गिक मार्गाने बाळंत झाल्या गोळीच्या गटात 57 टक्के आणि फुग्याच्या गटात 47 टक्के. पिशवी अति आवळली जाण्याचे प्रकार दोन्हींकडे अगदी तुरळक. इन्फॉर्म नावाची ही चाचणी 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आली. नंतर देशातल्या तीन सरकारी रुग्णालयांत 520 जणींवर पुढची चाचणी झाली. गोळीने तोंड मऊ झाल्यावर ऑक्सिटोसिनच्या सलाईनकडे वळायचं की गोळीच चालू ठेवायची, असा तिचा प्रश्न होता. सिझेरियनच्या प्रमाणात दोहोंत म्हणावा असा फरक निघाला नाही. मॉनिटर आणि पंप मोजकेच असलेल्या ठिकाणी या उत्तराचं मोल मोठं आहे. गोळीला सलाईन लागत नाही, बाई हिंडू-फिरू शकते.

वाढलेला रक्तदाब हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे, आणि इथे मी कुठलीही भीड न ठेवता कळा आणण्याच्या बाजूची आहे. नेदरलँड्समधल्या हिपिटाट चाचणीत 36 आठवड्यांनंतर सौम्य रक्तदाब असलेल्या 756 जणींपैकी कळा आणलेल्यांत 31 टक्क्यांची प्रकृती बिघडली, वाट पाहणाऱ्यांत 44 टक्क्यांची. महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण 2018–20 मध्ये लाखामागे 33 पर्यंत खाली आलं, देशाचं 97 असताना. रक्तदाब मोजणाऱ्या आशाताईचा आणि वेळेवर सोलापूरला पाठवणाऱ्या सिस्टरचा त्यात वाटा आहे. अशा बाईला ‘कळा आपोआप येऊ दे’ म्हणून घरी बसवणं हा तिच्या जिवाशी खेळ आहे.

पण तारीख? नेहमीचा हिशेब शेवटच्या पाळीपासून 280 दिवसांचा. ही पाळी बाईला आठवते ती सणावरून: नागपंचमीला बाहेरची होते, गौरी उठल्या त्या दिवशी आली. मग सोनोग्राफीची तारीख वेगळी, कार्डावरची वेगळी, आणि सासरचं कार्ड सासरीच राहिलेलं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारीख सगळ्यांत खरी सांगते. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत चूक दोन-तीन आठवड्यांची असू शकते. त्या चुकीवर विसंबून कळा आणल्या तर 41 समजून 38 व्या आठवड्यातलं बाळ बाहेर येतं. 39 व्या आठवड्याआधी कारण नसताना जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक होतो. म्हणून माहेरी येताना लुगड्या-बांगड्यांबरोबर ती पहिली सोनोग्राफी पिशवीत घालावी, हे मी भेटेल त्या गरोदर मुलीला सांगते.

मुहूर्ताचं मागणंही याच गाठीला बांधलेलं आहे. अमावास्या टाळा, मूळ नक्षत्र नको, जमलं तर गुरुवार धरा. स्वामी समर्थांच्या गावात गुरुवारचं मन कुणाला समजणार नाही? पण कळा आणल्यावर बाळंतपण बारा तासांत होईल की तीस, हे कुणी सांगू शकत नाही. ठरलेला वार गाठायचा हट्ट शेवटी सुरीकडेच नेतो.

आधी सिझर झालेल्या बाईची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या वीस हजार बायकांच्या नोंदी 2001 मध्ये तपासल्या. टाका असलेली पिशवी फाटण्याचं प्रमाण आपोआप कळा आलेल्यांत हजारी 5.2, प्रोस्टाग्लँडिनशिवाय कळा आणलेल्यांत 7.7, आणि प्रोस्टाग्लँडिन दिलेल्यांत 24.5. मिसोप्रोस्टॉल हेही प्रोस्टाग्लँडिनच, म्हणून जुना टाका असताना त्याची गोळी वर्ज्य. ही गोळी फार गुणी आणि तितकीच कडक आहे. सीमेपलीकडच्या बेळगाव जिल्ह्यात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1,620 बायकांवर झालेली चाचणी 2006 मध्ये छापून आली. बाळ जन्मल्यावर 600 मायक्रोग्रॅम दिल्याने जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. बाळ बाहेर आल्यावर प्राण वाचवणारी ती मात्रा बाळ आत असताना दिली तर पिशवी फाडेल. कळा आणायला तिचा चोविसावा हिस्सा लागतो. दोनशेची गोळी ब्लेडने कापून अंदाजाने तुकडे करणं म्हणूनच मला धडकी भरवतं. पंचवीसची गोळी मिळते, तीच आणावी.

ऑक्सिटोसिनची कथा तर गोठ्यातूनही जाते. हेन्री डेल यांनी 1906 मध्ये मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने पिशवी आकसते हे पाहिलं. विन्सेंट दु विग्नो यांनी 1953 मध्ये ते रसायन प्रयोगशाळेत घडवलं आणि 1955 चं नोबेल मिळवलं. तेच इंजेक्शन आपल्याकडे म्हशीला पान्हा सोडायला टोचतात. हा गैरवापर थांबवायचा म्हणून केंद्र सरकारने एप्रिल 2018 मध्ये खासगी कंपन्यांना ते देशात विकण्यासाठी बनवायला मनाई केली आणि सगळा भार बंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स या एका सरकारी कंपनीवर टाकला. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवणारं औषध टंचाईत सापडेल अशी भीती उभी राहिली आणि डिसेंबर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. उत्तर भारतातल्या खेड्यांत घरच्या बाळंतपणात गावचा ‘डॉक्टर’ हेच इंजेक्शन थेट दंडात देतो, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. सलाईनमधून थेंब कमी करता येतात, बंद करता येतात. दंडात गेलेलं परत काढता येत नाही.

ते परत काढता येणं इतकं महत्त्वाचं का? कळ येते तेव्हा पिशवीचा स्नायू आवळतो आणि त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तेवढा वेळ बाळाला नवं रक्त मिळत नाही. दोन कळांच्या मध्ये पिशवी सैल पडते तेव्हा बाळ श्वास घेतल्यासारखं भरून घेतं. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा आल्या तर मधली विश्रांतीच उरत नाही. बाळाचे ठोके मंदावतात, ते पोटातच शी करतं. वेळीच सलाईन बंद केलं, बाईला कुशीवर वळवलं, तर बहुतेकदा सावरतं. पण त्यासाठी कुणीतरी हात पोटावर ठेवून घड्याळ बघत असलं पाहिजे.

उन्हाचा मुद्दाही आमच्या भागात लहान नाही. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं औषध आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज कधीही जाते. जोर गेलेल्या औषधाने कळा येत नाहीत. मग थेंब वाढवले जातात, आणि पुढची नवी कुपी पूर्ण जोराची निघाली की पिशवी अति आवळते. मिसोप्रोस्टॉलला फ्रिज लागत नाही, पण ओलाव्याने ते खराब होतं. पाकिटातून काढून डबीत भरून ठेवलेली गोळी भरवशाची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या सूचनांमध्ये दोन वाक्यं आहेत, जी मला सगळ्या आकड्यांपेक्षा जड वाटतात. शक्य तिथे कळा अशाच ठिकाणी आणाव्यात जिथे सिझेरियन होऊ शकतं. आणि ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल किंवा दुसरं प्रोस्टाग्लँडिन दिलेल्या बाईला कधीही एकटं सोडू नये. पहिल्या वाक्यात आपला रस्ता आहे. अक्कलकोटहून सोलापूरचं सिव्हिल चाळीसेक किलोमीटर, दुधनी-मैंदर्गीकडून आलेल्या बाईला त्याहून लांब. भूलतज्ज्ञ आणि रक्ताची पिशवी रात्री हाताशी नसेल तिथे कळा आणून मग ‘ठोके कमी झालेत, सोलापूरला न्या’ म्हणणं फार उशिराचं असतं. कळा सुरू झालेली बाई 108 मध्ये घालून नेण्यापेक्षा, कळा आणायच्याच आहेत असं ठरलेली बाई आदल्या दिवशी दुपारी बसने जाणं कितीतरी बरं. हा निर्णय तालुक्याच्या पातळीवरचा आहे, त्याला कुठलं नवं यंत्र लागत नाही.

दुसऱ्या वाक्यात रात्रपाळी आहे. नागपूरच्या चाचणीतली गोळी दर दोन तासांनी, बारा वेळा. म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा कुणीतरी त्या खाटेपाशी यायचं, पोटावर हात ठेवायचा, कळा मोजायच्या, बाळाचे ठोके ऐकायचे, आणि मगच ठरवायचं की पुढची गोळी द्यायची की थांबायचं. 57 टक्क्यांचा तो आकडा त्या बारा फेऱ्यांसकट आहे. गोळी पाच-दहा रुपयांना आणता येते. फेऱ्या मारणारी सिस्टर त्याच रात्री तीन बाळंतपणं, एक उलट्या-जुलाबाचा पेशंट आणि रजिस्टर सांभाळत असते. लक्ष कोण देणार, हा प्रश्न परदेशातही उठला. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांना 39 व्या आठवड्यातच कळा आणण्याचा विचार मसुद्यात मांडला होता. आमच्या वंशात दोष शोधण्याऐवजी आमच्याकडे लक्ष द्या, असा आवाज बायकांनी आणि सुईणींनी उठवला, आणि नोव्हेंबरच्या अंतिम सूचनांमधून ते कलम गेलं. मला त्यांचं म्हणणं इथेही लागू वाटतं.

सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत घरची एक बाई राहू द्यावी, असं केंद्र सरकारने 2016 मध्येच सांगितलं आहे. तिला नाडी-ठोके कळणार नाहीत. पण दोन कळांच्या मधला वेळ कमी कमी होतोय, हे चार बाळंतपणं पाहिलेल्या आत्याला सिस्टरच्या आधी कळेल. तिला फक्त आधी सांगितलेलं हवं, मराठीत नाहीतर कानडीत: हे कळांचं औषध आहे, अमक्या कारणासाठी देतोय, कळा दहा मिनिटांत पाचावर गेल्या किंवा पोट सैलच पडेना झालं तर मला हाक मारा, झोपलेली असले तरी उठवा.